काळोखवाले सर

बुधवारी सकाळी सर शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसले. सरळगाव आलं तेव्हा कंडक्टरने त्यांच्या खांद्याला हात लावला. सर गेले होते. लॅपटॉपची पिशवी मांडीवर होती आणि तिचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता.

मोबाइलमधला शेवटचा नंबर माझा होता, म्हणून कंडक्टरने मला फोन लावला. त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मागे प्रवासी विचारत होते, "कोण होतं रे?" त्यावर एका बाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "अरे, ते काळोखवाले सर. आमच्या पोरांच्या शाळंत यायचे."

दोन्ही तालुक्यांत त्यांना याच नावाने ओळखत. ते फिरते विशेष शिक्षक होते. ज्या मुलांना दिसत नाही किंवा अंधुक दिसतं, पण जी गावातल्या साध्या शाळेतच शिकतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं हे त्यांचं काम. ज्या कार्यालयातून ते निघत, तिथेच मी मराठी विषयाचं काम बघते. आमची टेबलं समोरासमोर होती. आता त्यांच्या टेबलावर कुणीतरी पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ठेवले आहेत. मी ते हलवायला सांगितलं नाही. मोकळं टेबल बघण्यापेक्षा ते बरं.

अजिबात न दिसणाऱ्या मुलांसाठी सर ब्रेलच्या पाट्या नेत. ते काम ते नीट करत, पण त्यांचा जीव होता अंधुक दिसणाऱ्या मुलांत. या मुलांसाठी ते लॅपटॉपवर हलत्या चित्रांचे धडे बनवत. काळ्या पडद्यावर पिवळं चित्र. एका वेळी एकच वस्तू, पाठोपाठ तिचा आवाज आणि मग जाड अक्षरांत तिचं नाव. "थोडं दिसतं ना? मग त्या थोड्याला कामाला लावू," असं ते म्हणायचे. हे त्यांनी इतक्या पालकांना, इतक्या मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की आमचा शिपाई त्यांच्या आवाजात त्याची नक्कल करायचा.

छोट्या प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र उमटायचं तर खोलीत अंधार हवा. वाड्यांवरच्या शाळांच्या खिडक्यांना पडदे कुठले? सर गावात शिरले की पहिल्या दारात उभे राहून हाक मारत, "वहिनी, गोधडी मिळेल का? तासाभरात परत देतो." खिशात कपडे वाळत घालायचे चिमटे असत, पिशवीत हातोडी. मुरबाडकडच्या एका वाडीत एका म्हातारीने गोधडी देता देता विचारलं, "मास्तर, लोकं पोरांना उजेडात शिकवतात. तुमी काळोख कशाला करता?"

"आजी, चांदण्या कधी दिवसा दिसतात का?"

"मला त्या रातीपन दिसत नाय. डोळं गेलं माझं."

"मग या आत. बसा."

म्हातारी खरोखर आत जाऊन मुलांत बसली. भिंतीवर हातभर उंचीचा पिवळा कोंबडा आला आणि आरवला. म्हातारीने मान पुढे काढली. मग म्हणाली, "दिसला गो बाय! चांगला भारी हाय. कापा आता." पोरं इतकी हसली की सरांना तो धडा तिथेच थांबवावा लागला. पुढे कितीतरी दिवस, शाळा कुठलीही असो, तो कोंबडा पडद्यावर आला की सर स्वतःशीच हसत.

ते कायम काळा शर्ट घालत. लग्नाला, वास्तुशांतीला, सत्यनारायणाला, सगळीकडे काळा. आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात वधूची आत्या माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "हे कोण? आज तरी काळं घालायला नको होतं." मी सरांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण शर्ट काही बदलला नाही. "बाई, माझ्या छातीसमोर काहीही धरा, पोरांना दिसतं. मी फळा आहे. फळा लग्नाला आला म्हणून पांढरा होतो का?" लग्नात कुठे शिकवायची मुलं आहेत, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मग लक्षात आलं की जेवणाच्या पंगतीत त्यांनी एका लहान मुलाला हेरलं होतं आणि त्याच्यासमोर जिलेबी धरून ती डावीकडून उजवीकडे नेत होते. त्या मुलाचा चष्म्याचा नंबर वाढलाय, असं त्यांनी त्याच्या वडिलांना जेवता जेवता सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि जागा बदलली.

शहापूरच्या बाजारात मात्र त्यांची खरी ओळख चष्म्यामुळे होती. जुन्या गॉगलच्या काचांवर त्यांनी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चिकटवलं होतं. त्यातून समोरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसे. प्रत्येक चित्र ते आधी तो चष्मा लावून बघत. त्यातून ओळखू आलं तर ठेवत, नाही तर पुसून पुन्हा काढत. इथवर ठीक होतं. पण आठवड्यातून एकदा तोच चष्मा लावून ते भाजी आणायला जात. डोळ्यांना सवय राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

भाजीवाली म्हणायची, "मास्तर, ते वांगं हाय."

"माहीत आहे."

"मग 'बटाटे द्या' का म्हनता?"

"तुम्ही ओळखता का ते बघत होतो."

"मी बघतेय ना रोज! तुमी काढा तो चष्मा, नाय तर घरी शिव्या खाल."

घरी शिव्या घालायला कुणी नव्हतं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा परदेशात होता आणि दर रविवारी फोन करायचा. सर त्याला नव्या धड्याबद्दल सांगत बसायचे. अंत्यविधीला तो आला तेव्हा माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं, "तुम्ही आवाजवाल्या बाई ना?"

हो, मी आवाजवाली बाई. त्या धड्यांमधला आवाज माझा आहे. कार्यालयात एक अडगळीची खोली होती. तिथे आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन, हातात मोबाइल धरून मी वाक्यं वाचायची आणि बाहेर सर दारावर टकटक करणाऱ्यांना पिटाळायचे. स्वतःचा आवाज त्यांनी कधी वापरला नाही. "माझा आवाज खरबरीत. पोरांना वाटेल रागावतोय." त्यामुळे आता त्यांचा आवाज कुठेही शिल्लक नाही.

वाक्यं लिहायचं कामही त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी पुस्तकं वाचून वाढलेली. शेताच्या धड्यासाठी मी लिहिलं, "कोवळ्या उन्हात न्हालेलं शेत वाऱ्यावर डोलत आहे."

सरांनी कागद डोळ्यांसमोर धरला. मग दुधाच्या पिशवीचा चष्मा लावून पुन्हा बघितला. "बाई, सुंदर आहे. पण न्हालेलं मी कसं दाखवू? कोवळं कसं दाखवू?"

"मग काय लिहू?"

"शेत."

"एवढंच?"

"शेत दिसलं की बाकीचं पोरं सांगतील. त्यांच्याच दाराशी आहे ते."

मला राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग पुढच्या शाळेत मीच त्यांच्याबरोबर गेले आणि पाहिलं. भिंतीवर शेत आलं, माझा आवाज म्हणाला, "शेत." लगेच एक मुलगा ओरडला, "आमच्या शेतात पानी भरलंय! खेकडं हायत!" त्यानंतर मी लिहिलेल्या वाक्यांवर सरांना लाल पेन फारसं चालवावं लागलं नाही.

आवाजांच्या बाबतीत ते हट्टी होते. इंटरनेटवर सगळे आवाज फुकट मिळतात, हे आमच्या कार्यालयातल्या प्रत्येकाने त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणत, "तो बैल इथला नाही. पोरं लगेच ओळखतात." मग बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसाठी किन्हवलीला, भाताच्या गिरणीसाठी शेणव्याला. रेल्वेच्या धड्यासाठी ते कसाऱ्याला गेले. तिथे घाट चढायला गाडीला जादा इंजिन लावतात, ते जोडतानाचा धक्का त्यांना हवा होता. सर फलाटाच्या टोकाला मोबाइल धरून उभे होते, अंगात काळा शर्ट, डोळ्यांवर तो चष्मा. साहजिकच पोलीस आला.

"काय चाललंय?"

"रेकॉर्डिंग."

"कशाचं?"

"धक्क्याचं. मुलांना दाखवायचाय."

"धक्का दाखवायचाय?"

"ज्यांना कमी दिसतं त्यांना. आवाज आला की इंजिन कुठे लागलं ते त्यांना कळतं."

पोलिसाने त्यांना आत नेऊन बसवलं, मला फोन करून खात्री केली आणि मग चहा पाजला. त्याच्या भावाच्या मुलीला एका डोळ्याने दिसत नव्हतं. परत निघताना सरांच्या मोबाइलमध्ये तो धक्का होता आणि पाठोपाठ पोलिसाचा आवाज, "झालं का हो सर?" धड्यातून तो आवाज त्यांनी कापला नाही. कसाऱ्याच्या मुलांना तो फार आवडतो.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण सरांची आठवण आली की मला आधी आठवते ती मंजुळा.

मंजुळा शेणव्याजवळच्या एका वाडीतली, तेव्हा तिसरीत. तिची बुबुळं जन्मापासून थरथरत. ठाण्याच्या डॉक्टरांनी चष्मा दिला होता, पण त्याने थरथर थांबणार नाही, हेही सांगितलं होतं. वर्गात ती मान डाव्या खांद्याकडे वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून फळ्याकडे बघायची. तिथले गुरुजी चांगले होते, पण दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, "मंजुळा, सरळ बघ." ती सरळ बघायची आणि तिला काही दिसायचं नाही. तिसरीत येऊनही तिला तिचं नाव लिहिता येत नव्हतं.

तिची आई काशी महामार्गाजवळच्या एका रिसॉर्टवर झाडलोटीला लागली होती. घरी धाकटा रांगता होता. तिने गुरुजींना सांगून टाकलं, "पोरीला डोळं नाय. शाळंत बसून काय करंल? घरी पोराला तरी सांभाळंल." गुरुजींनी विनवण्या केल्या. सर स्वतः तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

काशीने त्यांना सरळ विचारलं, "हिला वाचता येईल का? खरं सांगा."

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

मी शेजारी उभी होते. मला वाटलं, निदान 'येईल' तरी म्हणावं. बहुतेक लोक काशीला आजवर 'येईल येईल' म्हणाले असावेत. मग ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत ठेवते. मंग नाय."

सरांनी त्या दिवसापासून भाताचा धडा हातात घेतला. मंजुळाच्या घरचं भात, तिच्या घरची कामं. पेरण्याआधी पालापाचोळा पेटवून राब भाजणं, पेरणं, लावणी, कापणी, झोडणी. सगळं हलत होतं. दाणा वरून पडायचा, मातीत शिरायचा, अंकुर वर यायचा, रोप डुलायचं, विळा फिरायचा. हललं की लक्ष वेधतं, हे त्यांचं अनेक मुलांवर पारखून घेतलेलं मत होतं. इतका देखणा धडा त्यांनी पूर्वी केला नव्हता. कार्यालयातल्या सगळ्यांना त्यांनी तो दाखवला, शिपायाला दोनदा.

वाडीवरच्या शाळेत खिडक्या झाकल्या, धडा सुरू झाला. डोळस मुलं टाळ्या वाजवत होती. मंजुळा थोडा वेळ बघत होती, मग तिने डोकं गुडघ्यांत घातलं.

सर तिच्याजवळ जाऊन बसले. "काय झालं गो? आवडलं नाही?"

तिने डोकं आणखी आत घातलं.

"रागावणार नाही. सांग."

गुडघ्यांतूनच ती म्हणाली, "माजं डोळं थांबत नायत. तुमी चित्र तरी थांबवा ना."

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. शहापूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "त्या चष्म्यात बाकी सगळं आहे बाई. थरथर नाही. मला ते सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताचा धडा मोडला. दाणा आता पडत नव्हता. काळोखात तो आपल्या जागी हळूच उजळायचा आणि तिथेच राहायचा. पुढचं चित्र आपोआप येत नव्हतं. मुलाने बटण दाबलं की येणार, तोवर वाट बघणार. कीबोर्डवरचं ते लांबडं बटण बोटाला सापडावं म्हणून त्यांनी माझ्याकडून एक टिकली मागून त्यावर चिकटवली. अक्षरंही तशीच. एक अक्षर उजळायचं, थांबायचं. मंजुळाने बटण दाबलं की पुढचं त्याच्या शेजारी येऊन थांबायचं.

आणि ते गुरुजींना म्हणाले, "तिला सरळ बघायला सांगू नका. मान वळवली की तिचे डोळे शांत होतात. तिने ती जागा स्वतः शोधलीय." लॅपटॉप ते तिच्या समोर ठेवत नसत. उजव्या हाताला ठेवत, म्हणजे मान थोडीच वळवली तरी डोळे त्या कोपऱ्यात जात आणि चित्र तिथेच असे. कार्यालयातल्या एकाने विचारलं, एका मुलीसाठी अख्खा धडा पुन्हा? बाकीच्यांना तर तो चालत होता. सर म्हणाले, "तुमचा चष्मा मला द्या बरं, मी तोच लावतो." आणि त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला. तो बिचारा दुपारपर्यंत चष्मा मागत फिरत होता.

आठवड्यातून एकदा जायचं काम, पण मंजुळाकडे सर दोनदा, कधी तीनदा जाऊ लागले. साहेब बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा उघडली त्या दिवशी काशी आली. धाकटा कडेवर होता. "पोरीला न्यायला आलेय," ती म्हणाली.

"तिला वाचता येतं," सर म्हणाले. मंजुळाने लॅपटॉपवर वाचून दाखवलं. भात. विळा. आई.

काशी हसली. "ते तुमी पाठ करून घेतलंय. मला वाचता नाय येत, पन एवढं कळतं." तिचं चुकत नव्हतं. पोपटासारखं म्हणणारी मुलं तिने बघितली असतील. तिने धाकट्याला माझ्याकडे दिलं, मनगट पुढे केलं. तिथे हिरवट गोंदण होतं, तिचं स्वतःचं नाव. ते तिने हाताने झाकलं. "हे नको. हे पोरीला ठावं हाय." मग दंडावरची चोळीची बाही वर सारली. तिथेही गोंदलेली अक्षरं होती, वाकडी, मळकट, कातडीच्या रंगात विरत चाललेली. "हे वाचंल?"

अंधुक डोळ्यांना याहून कठीण काही नसेल. सर दंडावर वाकले. मग म्हणाले, "फोटो काढू?"

"काढा. पन बोलायचं नाय. तुमी नाय, या बाईपन नाय."

सरांनी फोटो लॅपटॉपवर घेतला. गोंदणाच्या रेघांवरून माऊस फिरवत एकेक अक्षर पिवळं केलं, मागचं सगळं काळं. आयुष्यभर बोलत आलेल्या या माणसाने ओठ इतके घट्ट मिटले होते की मलाच धाप लागली. गुरुजींनी गोधड्या टांगल्या. मंजुळा लॅपटॉपच्या बाजूला बसली, मान वळवली, टिकलीवर बोट ठेवलं.

पहिलं अक्षर उजळलं. ती बघत राहिली. कुणी तिला घाई केली नाही, चित्रानेही नाही.

"तु," ती म्हणाली.

बटण दाबलं. दुसरं अक्षर शेजारी आलं. त्यावर ती फार वेळ अडली. माझ्या कडेवरचा धाकटा कुरकुरायला लागला. मी त्याला हलवत होते आणि मनात ते अक्षर म्हणत होते.

"ळ."

तिसऱ्याला वेळ लागला नाही. "सा." मग तिने तिन्ही पुन्हा जोडून पाहिली आणि आईकडे वळली. "तुळसा. तुळसा कोन गो आये?"

काशी खाली बसली. गोधडीच्या फटीतून तिच्या पायावर उन्हाची रेघ पडली होती.

"माजी मैतरीन," ती म्हणाली. "म्हसा गावच्या जत्रंत आमी दोघींनी एकमेकींची नावं गोंदून घेतली. बाळंतपनात गेली ती. मी हे घरात कुनाला सांगितलं नाय." मग मंजुळाला म्हणाली, "परत म्हन."

मंजुळाने परत वाचलं. काशीने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग बाही खाली केली, माझ्याकडून धाकट्याला घेतलं आणि गुरुजींना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोरीला. याचं बघते मी कायतरी." दारातून परत फिरून सरांना म्हणाली, "आता बोला."

सर गोधड्यांचे चिमटे काढायला लागले.

त्यानंतरची चार-साडेचार वर्षं ते तसेच फिरत राहिले. काळा शर्ट, चिमटे, हातोडी. प्रत्येक मुलाचा धडा वेगळा. काहींचं चित्र चालतं, काहींचं थांबतं, एकाचं फक्त पडद्याच्या मधोमध येतं, कारण त्याला तेवढंच दिसतं. सरांच्या मुलाने लॅपटॉप आमच्याकडेच ठेवला. धडे उघडले तेव्हा प्रत्येकाला मुलाचं नाव होतं, धड्याचं नव्हतं. मी ते वाटून दिले. जिथे नवे शिक्षक नाहीत, त्या शाळांमध्ये बुधवारी मी जाते. खिडक्या झाकायला मला वेळ लागतो.

सर गेल्याचं सांगायला मी वाडीवर गेले होते. काशीने ऐकलं, मला पाणी दिलं आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

मंजुळा आता आठवीत आहे. एसटीने शहापूरच्या हायस्कूलला येते. पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरते आणि वाचते. सावकाश वाचते, पण सगळं वाचते.